जिताड्यासाठी लिपलेस
दाभोळच्या जेटीवर गरवताना माझी पहिली लिपलेस क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं खोटं आमिष (लूर), तिसऱ्याच फेकीला कालवांत अडकली, ती कायमची. चूक माझीच. साध्या क्रँकबेटला पुढे जीभ असते. खडकाला आधी ती टेकते आणि गळ वाचतात. हिला जीभच नाही. चपटं अंग, दोरा पाठीवर बांधायचा, पोटात छर्रे, आणि सोडली की थेट तळाला. म्हणून कांदळाच्या मुळांत टाकू नका. मुळांपासून दोन हात सोडून काठाला समांतर टाका.

अमेरिकेत लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी ती बुडालेल्या पाणगवतावरून ओढतात. गवतात अडकली की झटका देतात, आणि सुटताक्षणीच मासा धरतो. आपल्या खाडीत गवत नाही, चिखल आहे. तिथे खेळ उचलण्या-सोडण्याचा.

14 ग्रॅमची घ्या. पाणी कमरेएवढं असेल तर 7 पुरते. गढूळ पाण्यात सोनेरी, निवळ पाण्यात बोइटासारखी चंदेरी. रंगावर याहून जास्त डोकं खपवू नये.

टाकल्यावर दोरा ताठ ठेवून मोजा. समजा, चारला तळ लागला. पुढच्या फेकीला तीनवर थांबा. रॉडचं टोक कमरेपासून कपाळापर्यंत उचला. हाताला बारीक थरथर लागली पाहिजे. लागली नाही, तर गळात पान नाहीतर पिशवीची चिंधी आहे, गुंडाळून साफ करा. मग टोक खाली आणा, पण दोऱ्याला झोळ पडू देऊ नका. माझे बहुतेक जिताडे या उतरणीतच लागले. धक्का बसेलच असं नाही. कधी दोरा नुसता बाजूला सरकतो. तेवढ्यावर ओढा.

सुकती (ओहोटी) लागल्यावरचे पहिले दोन तास पऱ्ह्यांच्या, म्हणजे खाडीला मिळणाऱ्या ओहोळांच्या, तोंडाशी उभे राहा. बारीक मासळी तिथूनच बाहेर पडते.

लूरला आलेले गोड्या पाण्यासाठीचे गळ मात्र बदला. एका जिताड्याने माझा तिहेरी गळ केसातल्या पिनेसारखा सरळ केला होता. जाड गळाने लूर लवकर बुडते, म्हणून आधी पायाशी हलवून बघा. लीडर, म्हणजे लूरच्या आधीचा जाड दोरा, 40 पौंडी हवा. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं कापतं.

जिताडा आधी नर असतो, पुढे मादी होतो. म्हणून मोठं धूड मी सोडतो, घरी बोलणी खातो.

घरी आल्यावर लूर गोड्या पाण्याने धुवा आणि वाळवूनच डब्यात टाका. माझ्या डब्यात एका गंजक्या गळाने बाकीच्या सगळ्यांना तांबडं केलंय.