मोर्चा काढण्याआधी निवेदनाचा ‘विषय’ लिहा

बडोद्यात नागरी प्रश्नांवर काम करू लागलेली तरुण मुलं भेटली की पहिले प्रश्न ठरलेले असतात. पोलीस परवानगी कशी काढायची, माणसं कशी जमवायची, पत्रकारांना कोण बोलावणार? हे सगळं दोन-तीन आंदोलनांत अंगवळणी पडतं. अर्जात तारीख, वेळ, मार्ग, आयोजकांची नावं भरायची, मुदतीत द्यायचा, पोच घ्यायची. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवते आणि सांगते, आधी निवेदनातली ‘विषय’ ही ओळ लिहा. एका ओळीत मावत नसेल तर मोर्चाची तारीख ठरवू नका.

याचं कारण सरकारी टेबलावर आहे. तुमचं निवेदन आवक-जावकच्या कारकुनाकडे जातं. तो विषय वाचतो, शिक्का मारतो, क्रमांक टाकतो आणि कागद कुठल्या विभागाकडे जाणार ते ठरवतो. निवेदनात पाणी, रस्ते, भटकी गुरं, घरपट्टी आणि नगरसेवकाचा राजीनामा असं सगळं असलं, तर त्याच्या प्रती पाच टेबलांवर जातात. प्रत्येक टेबल आपल्या वाट्याच्या ओळीवर ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ असं लिहून मोकळं होतं. यात कोणाची लबाडी असायलाच हवी असं नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकेल असा एक माणूसच तुम्ही समोर ठेवलेला नसतो.

आमच्या भागात नळाला गढूळ, वास मारणारं पाणी येत होतं, तेव्हाची बैठक आठवते. दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या ओट्यावर आम्ही जमलो होतो. बोलणं मराठीत, फलक मात्र गुजरातीत करायचे, कारण रस्त्यावर वाचणारे सगळे मराठी नाहीत. एक काकू उसळून म्हणाल्या, “आणि त्या गुरांचं काय? परवा माझा पाय मोडला असता!” त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. एका तरुणाला पेट्रोलचे भाव घ्यायचे होते, दुसऱ्याला थेट राजीनामा. यादी वाढत गेली, तसं ओट्यावरचं वातावरण तापलं आणि नेमकेपणा मात्र कमी झाला. शेवटी आमच्यातल्या एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी विचारलं, “पाणी खराब होतं कुठे?” ड्रेनेजची लाइन आणि पाण्याची जुनी लाइन जिथे एकमेकींना छेदतात, तिथे. मग विषय लिहिला गेला: ‘अमुक गल्लीतील जुनी पाण्याची लाइन बदलण्याची तारीख लेखी मिळण्याबाबत.’ काकूंचा गुरांचा प्रश्न पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणून वहीत नोंदवला, आणि त्यावर त्यांची सही घेतली. ही नोंद विसरू नका. ज्याचा प्रश्न मागे ठेवता, त्याला तो टाकून दिलेला नाही हे दिसलं पाहिजे. नाहीतर मोर्चाच्या दिवशी तो माणूस स्वतःचा फलक घेऊन येतो.

मागणी लहान केली की लढा लहान होतो, असं नव्या कार्यकर्त्यांना वाटतं. आपल्या गुजरातचाच इतिहास याच्या उलट सांगतो. 1928 च्या बारडोली सत्याग्रहाआधी तिथला शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला गेला होता. वल्लभभाई पटेलांनी तिथे स्वराज्य मागितलं नाही. वाढीची निष्पक्ष चौकशी करा, एवढंच मागितलं. चौकशी झाली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. जानेवारी 1930 मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या होत्या: शेतसारा निम्मा करा, लष्करी खर्च कमी करा, दारूबंदी आणा आणि अशा आणखी. पण 12 मार्चला साबरमतीहून पावलं निघाली ती मिठासाठी. काँग्रेसमधल्या अनेकांना मीठ फारच किरकोळ वाटलं होतं. पण मिठावरचा कर झोपडीतल्या माणसालाही समजावून सांगावा लागत नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राची घोषणा मला या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखी वाटते. समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष होते. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ यापलीकडे त्यांचं फारसं जुळत नव्हतं. पण या तीन शब्दांत काय स्वीकारायचं आणि काय नाही, हे आधीच ठरलेलं होतं. मुंबई वेगळी ठेवून राज्य देऊ केलं, तर उत्तर नाही. 1956 चं द्विभाषिक राज्य आलं, त्यात मुंबई होती, बडोदाही होतं, पण मराठी राज्य नव्हतं, म्हणून तेही नाही. चांगली मागणी अशीच असते. अर्धवट तोडगा पुढे आला की नेत्यांना बैठक घ्यावी लागत नाही, मागच्या रांगेतला माणूसही उत्तर देतो.

मात्र नेमकेपणा सगळं करून देत नाही. 1973 च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं, तिथून महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्धचं नवनिर्माण आंदोलन पेटलं आणि मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांच्या राजीनाम्यावर येऊन एकवटलं. 9 फेब्रुवारी 1974 ला राजीनामा झाला, पुढे विधानसभाही विसर्जित झाली. महागाई आणि भ्रष्टाचार एका राजीनाम्याने जाणार नव्हते. म्हणून मी माणसाच्या राजीनाम्यापेक्षा कामाची मागणी करा म्हणते. माणूस बदलला तरी काम तसंच राहू शकतं.

मोर्चाच्या दिवशी आम्ही प्रत्येकाला आपल्या घरच्या नळाच्या पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली आणायला सांगितली होती. वर चिठ्ठी: गल्ली, तारीख, वेळ. घोषणा एकच, ‘आ पाणी तमे पीशो?’ (हे पाणी तुम्ही प्याल?) पत्रकारांशी दोघांनीच बोलायचं ठरलं होतं, बाकीच्यांनी बाटली दाखवायची. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत वाहतूक कोंडी नव्हती, पाणी होतं.

लेखी तारीख मिळाली. काही गल्ल्यांतली लाइन बदलली, काही राहिल्या. राहिलेल्यांसाठी नवं निवेदन दिलं. विषय तोच, संदर्भात जुना आवक क्रमांक आणि सोबत त्या गल्ल्यांतल्या बाटल्यांचे फोटो.