तळघराचा जिना आणि साइड मार्जिन: ब्रॅम्प्टनमध्ये नवीन घर घेतलेल्यांसाठी

कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनमध्ये घर झालं की ओळखीच्या बऱ्याच घरांत एक विषय निघतोच: तळघर भाड्याने द्यायचं, त्यासाठी घराच्या बाजूने वेगळं दार आणि खाली उतरणारा जिना काढायचा. तो जिना साइड मार्जिनच्या (घर आणि बाजूची हद्द यांत मोकळ्या सोडायच्या जागेच्या) नियमात बसत नसेल, तर आधी शहराच्या कमिटी ऑफ ॲडजस्टमेंटकडून ‘मायनर व्हेरियन्स’, म्हणजे नियमातून किरकोळ सूट, मिळवावी लागते, मग बिल्डिंग परमिट. आधी बांधू आणि मागाहून नियमित करून घेऊ, ही गुंठेवारीची सवय कृपा करून इकडे आणू नका.

सुरुवात मोजणीने करा. जिन्याचं अंतर हद्दीपासून धरतात, कुंपणापासून नाही. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने कुंपणाला टेप लावला, 30 सेंटिमीटर भरले, तेच अर्जात गेलं. नंतर सर्व्हेअर आला. त्याने कोपऱ्यात माती उकरून हद्दीची लोखंडी खूण काढली, तर कुंपण शेजाऱ्याच्या बाजूला 9 सेंटिमीटर सरकलेलं. खरं अंतर 21. शेजाऱ्यांना गेलेल्या नोटिशीत आकडा चुकीचा, म्हणून सुनावणी पुढे गेली आणि दोन महिने हातचे गेले. आधीच्या मालकाकडे जुना सर्व्हे असेल तर मागून घ्या. नसेल तर परवानाधारक ऑन्टारियो लँड सर्व्हेअरकडूनच करून घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

ऑन्टारियोच्या प्लॅनिंग ॲक्टच्या कलम 45 प्रमाणे कमिटी चार गोष्टी पाहते: बदल किरकोळ आहे का, त्या जागेच्या योग्य वापरासाठी इष्ट आहे का, झोनिंग बायलॉचा (कुठे काय आणि किती बांधता येतं याच्या शहराच्या नियमांचा) हेतू राखला जातो का, आणि ऑफिशियल प्लॅनचा, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा, हेतू राखला जातो का. कर्जाचा हप्ता जड जातो, आईवडील यायचेत, हे सगळं खरं असतं. पण निर्णय त्यावर होत नाही. अर्जात या चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

बाजूच्या जिन्याचं घोडं बहुधा पाण्यावर अडतं. दोन घरांच्या मधोमध जमिनीला मुद्दाम उथळ चर ठेवलेली असते. छपराचं आणि बर्फ वितळल्याचं पाणी तिच्यातून रस्त्याकडे जातं. जिन्याच्या कठड्याने ती अडली, तर पाणी शेजाऱ्याच्या तळघरात शिरतं. म्हणून नकाशात चर काढा, उतार कुठून कुठे हे बाणाने दाखवा. शेजारच्या जागेच्या निचऱ्याला बाधा येता कामा नये, अशी अट मंजुरीत बहुतेक असतेच.

60 मीटरच्या आतल्या मालकांना सुनावणीची नोटीस जाते, घरासमोर पाटी लागते. त्याआधी नकाशा घेऊन स्वतः शेजाऱ्यांकडे जा. नोव्हेंबर 2022 पासून शेजाऱ्यांना निर्णयाविरुद्ध अपील करता येत नाही. त्यांना बोलायला सुनावणी हीच एक जागा उरली आहे, म्हणून त्यांचं म्हणणं आधी घरी बसून ऐकणं मला जास्तच गरजेचं वाटतं. आमच्या शेजारच्या आजींना पाण्याचीच भीती होती. आम्ही जिना एक फूट मागे घेतला, त्यांनी पाठिंब्याचं पत्र दिलं.

शेजाऱ्यांना अपील नसलं तरी अपिलाची मुदत असतेच; मंजुरी मिळाल्यावरही ती 20 दिवसांची मुदत संपेपर्यंत निर्णय अंतिम होत नाही. तो झाला की त्याची प्रत परमिटच्या अर्जाला जोडा. परमिट हातात येईपर्यंत फावडं लावू नका.