मास स्पेक्ट्रमसाठी नमुना पाठवताय? या चुका टाळा

मास स्पेक्ट्रम म्हणजे नमुन्यातल्या रेणूंना विद्युतभार देऊन यंत्रानं काढलेला त्यांच्या वस्तुमानांचा आलेख; त्यातलं एकेक टोक म्हणजे पीक. सोलापुरात डाईंगच्या सांडपाण्यावर प्रबंध करणारी पोरं उदंड. त्यातला एक मागे रिपोर्ट नाचवतच आला. "सर, कांगो रेड रंगाचे बरोब्बर दोन तुकडे झाले! ६५० चा रेणू, ३२५ ला पीक." पेपरचा मसुदाही तयार होता.

म्हटलं, पीक मोठं करून दाखव. ३२५.०५ च्या शेजारी समस्थानिकाचा, म्हणजे एकानं जड अणू असलेल्या त्याच रेणूचा, पीक ३२५.५५ ला. एकाचं अंतर अर्धं दिसतंय, म्हणजे भार दोन. कांगो रेडवर दोन सल्फोनेट गट असतात, म्हणजे सोडियम धरून बसलेले ऋणभारित गट. निगेटिव्ह इलेक्ट्रोस्प्रेत (द्रावणाचा भारित फवारा करून ऋणभारित रेणू मोजायची पद्धत) दोन्ही सोडियम सुटतात आणि बाकीचा अख्खा रेणू दोन ऋणभार घेऊन उडतो. यंत्राला दिसतं ते वस्तुमान भागिले भार. ६५० भागिले दोन! रसायनशास्त्रज्ञ जॉन फेन यांनी याच बहुभाराच्या जोरावर अजस्र प्रथिनं मोजली आणि २००२ च्या नोबेलचे वाटेकरी झाले. आमचं पोरगं त्यातच फसलं.

प्रक्रिया न केलेला रंग सोबत पाठवला असता, तर त्यातही ३२५ दिसलं असतं. का नाही पाठवलास? "एका नमुन्याचे पैसे वाचवले, सर."

दुसरं दुखणं मिठाचं. फॉस्फेट बफरमधला, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षाराच्या द्रावणातला, नमुना तसाच पाठवतात. बोअरचं पाणी वाळल्यावर बादलीला पांढरा थर धरतो ना, तोच थर यंत्राच्या तोंडाशी बसतो आणि तुमच्या रेणूचा सिग्नल दबतो. मी अमोनियम ॲसिटेटशिवाय बफर वापरतच नाही. ते उडून जातं. आणि अपेक्षित पीकच्या पुढे २२ वर दुसरा दिसला, तर नवा पदार्थ सापडला म्हणून पेढे वाटू नका. प्रोटॉनऐवजी सोडियम चिकटलाय, एवढंच.

न उडणारा पदार्थ जीसीमध्ये, म्हणजे नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीत, घालू नका. साखर तापवली की वाफ होत नाही, करपते.

५०० च्या खालचा रेणू माल्डीला (लेझरनं रेणू उडवणाऱ्या पद्धतीला) देताना मॅट्रिक्सचे, म्हणजे नमुन्यात मिसळलेल्या लेझर शोषणाऱ्या पदार्थाचे, पीक आधी बघून ठेवा; तेही तिथंच येतात.

मे महिन्यात मिथेनॉलमधला नमुना प्लास्टिकच्या नळीतून नेलात तर ३९१ ला थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, भेटणारच. काचेची बाटली घ्या. ४४-४४ च्या अंतरानं पीकची शिडी दिसली, तर बाटली साबणानं धुतलीय.

आणि लालभडक द्रावण? मी जेमतेम गुलाबी छटा उरेपर्यंत पातळ करतो. "जास्त घातलं की जास्त दिसेल" म्हणणाऱ्यांच्या नमुन्यानंतर नळ्या धुण्यात अख्खी दुपार जाते, आणि ती माझी जाते.