घसा दुखतोय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडे पाऊस धरला की घरोघरी घसे बसतात. बहुतेक दुखणी विषाणूंची असतात, मिठाच्या गुळण्यांवर आठवड्यात निवळतात. त्यांना अँटिबायोटिक लागत नाही, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या आणू नका.

उलट चूक जास्त महागात पडते. डॉक्टरांनी स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूसाठी 10 दिवसांचं अँटिबायोटिक लिहिलं आणि ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद केलं, असं सर्रास होतं. पुढे दोन-चार आठवड्यांनी, विशेषतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांत, सांधे एकामागून एक सुजतात. हा संधिवाताचा ताप. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. मग दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांत योग्य औषध चालू झालं तर हे सहसा टळतं. म्हणून घसा कधी धरला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

घसा बरा झाल्यावर चेहरा सुजला, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर "ऊन लागलं" म्हणून सब्जाचं पाणी पाजत बसू नका. मूत्रपिंडं तपासायला हवीत.

एकाच बाजूला ठणका, तोंड उघडेना, लाळही गिळवेना? टॉन्सिलमागे पू झालेला असू शकतो. तो काढावाच लागतो.

"पडजीभ पडली" म्हणून अंगठ्याने मीठ-हळद दाबणारी आजी आपल्याकडे अजून आहे. मूल पुढे वाकून बसलंय, लाळ गळतेय, श्वासाला आवाज येतोय, तर तोंडात बोट किंवा चमचा अजिबात घालू नका. श्वास पूर्ण बंद होऊ शकतो. आडवं न करता 108 बोलवा.

घशात करडा पापुद्रा, मान सुजलेली, म्हणजे घटसर्पाची शंका. त्याच दिवशी बेळगावचं जिल्हा रुग्णालय गाठा. ऊसतोडीला फिरणाऱ्या कुटुंबांत मुलांचे लसीचे डोस हमखास राहतात. लसीकरणाचं कार्ड कर्नाटकातलं असो की महाराष्ट्रातलं, जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा.

अगदी क्वचित, तरुणांत, घशातला जंतू मानेच्या शिरेत रक्ताची गाठ करून फुप्फुसांत पोचतो. आंद्रे लेमियेर यांनी 1936 मध्ये वर्णन केलेला हा आजार. थंडी वाजून ताप, मान एका बाजूने दुखते, धाप लागते. वरवर न्यूमोनियाच वाटतो, तेव्हा आठवड्यापूर्वी घसा दुखत होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा.