गालगुंड आलंय? या चुका टाळा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात पोराचा गाल फुगला की मराठी घरात म्हणतात ‘गालगुंड’, शेजारच्या कानडी घरात ‘मंगन बावू’. चुका मात्र दोन्ही घरांत त्याच होतात. प्राथमिक शाळेत शिकवत असल्याने मी त्या जवळून पाहते.

सगळ्यात मोठी चूक लसीची. “सगळी इंजेक्शनं झालीत की बाई,” म्हणत आई ‘तायी कार्ड’ (आई-बाळाचं सरकारी नोंदकार्ड) पुढं करते. कार्ड कानडीत, त्यावर ‘दडार-रुबेला’ अशी नोंद. दडार म्हणजे गोवर. सरकारी एमआर लस गोवर आणि रुबेला या दोनच रोगांवर आहे, गालगुंडावर नाही. २०१७ मध्ये कर्नाटकातल्या शाळांतून मोठी मोहीम झाली, तीही एमआरचीच. गालगुंडासाठी एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरची लस) लागते आणि ती बहुधा खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञ ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षे असे तीन डोस सुचवतात. मोठ्या मुलाची राहून गेली असेल तर आताही देता येते. गरोदर बाईला मात्र देत नाहीत. खर्च प्रत्येकाला झेपत नाही, हे मला माहीत आहे. तरी निदान आपल्या मुलाला काय मिळालंय आणि काय नाही, हे आईबापांना कळायलाच हवं.

“दाढ दुखत असेल” म्हणून दोन दिवस काढणं ही दुसरी चूक. गालगुंडात कानाच्या पुढं आणि खाली सूज येते, कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते, चावताना कळ येते. आधी ताप, अंगदुखी असते. एक बाजू सुजल्यावर दुसरी काही दिवसांनी सुजू शकते. सूज कानाजवळ नसून हिरडीपाशी असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे जा.

सूज दिसल्यापासून ५ दिवस मुलाला घरीच ठेवा. शाळा नको, जत्रा नको, चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडचं लग्नही नको. खरं तर सूज येण्याआधी दोनेक दिवसांपासूनच लागण पसरत असते, म्हणून वर्गशिक्षकांना लगेच कळवा. लपवू नका, कोणी नावं ठेवत नाही. संपर्कात आलेल्या मुलाला साधारण १६ ते १८ दिवसांनी, कधी २५ दिवसांनीही त्रास सुरू होतो. पेला, ताटली वेगळी ठेवा.

गेरूचा किंवा चुना-हळदीचा लेप लावून विषाणू जात नाही. चुन्यानं कातडी मात्र भाजते. अँटिबायोटिकही इथं कामाचं नाही. ताप आणि दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, मुलांना ॲस्पिरिन कधीच देऊ नका. लिंबू, चिंच, आंबट ताक दिलं की लाळ सुटते आणि कळ वाढते. मऊ भात, पेज, दुधात कुस्करलेली भाकरी द्या, पाणी भरपूर पाजा.

वयात आलेल्या मुलांबाबत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वृषण सुजून दुखू लागलं तर पोरगं लाजेनं सांगत नाही. बापानं किंवा काकानं स्वतःहून विचारावं. पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

मान ताठरणं, जोराची डोकेदुखी, सतत उलट्या, पोटात तीव्र कळ, गुंगी यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात न्या. आणि सूज उतरल्यावर मूल एका कानानं ऐकत नाहीसं वाटलं, तर “लक्ष देत नाही” म्हणून रागावू नका, त्याचा कान तपासून घ्या.