टायटल पान फाटलेलं पुस्तक ओळखायचं कसं

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं, अमळनेरकडच्या गावातलं, म्हणजे कॉम्प्युटर वगैरे काही नाही, जे करायचं ते माझ्याच मोबाईलवर. मागच्या पावसाळ्यात एक बाबा आले, पिशवीतून कसर लागलेलं पुस्तक काढलं अन म्हणे, “भाऊ, हाई पुस्तक कोनं शे?” (हे पुस्तक कोणाचं आहे?) सुरुवातीची पानं गायब, पुठ्ठा पण नाही.

अशा वेळी लगेच गूगल करू नका. पहिले पानांच्या वरची कड बघा, जुन्या पुस्तकांत तिथे बऱ्याचदा पुस्तकाचं नाहीतर प्रकरणाचं नाव छापलेलं असतं. मग शेवटचं पान, छापखान्याचं नाव सापडलं तर सापडलं. प्रस्तावना शाबूत असेल तर तिच्याखाली शके असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन आला (तारीख जानेवारी ते फाल्गुन यातली असेल तर ७९). हे सांगतोय कारण मी स्वतः एकदा दाखल रजिस्टरला (आलेली पुस्तकं नोंदवायची वही) शके १८२३ तसाच सन म्हणून चढवला होता, म्हणजे १९०१ चं पुस्तक १८२३ चं झालं, अन तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं की एवढं जुनं घबाड कपाटात कसं ठेवलंय!

नाव अर्धंमुर्धं कळलं की शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडा. पहिल्या भागात १८०० ते १९३७ ची पुस्तकं विषयवार लावलीत, त्यामुळे नाव नसलं तरी विषयावरून माग निघतो. बाबांचं पुस्तक गुरांच्या औषधांचं होतं, विषय धरूनच सापडलं.

मग पूर्ण पुस्तक बघायचं तर इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे archive.org ही फुकट साईट. इथे खरी गंमत आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या जुनी पुस्तकं स्कॅन करायच्या प्रकल्पाची स्कॅन तिथे ढिगाने आहेत, पण नावं इंग्रजी अक्षरांत अन स्पेलिंग ज्याला जसं सुचलं तसं, ‘आ’ला कुठे एक ए, कुठे दोन. देवनागरीत टाकून काही नाही मिळालं तर हार मानू नका, नावातला एकच शब्द घ्या अन चार पद्धतींनी टाइप करा. आतला मजकूर शोधायच्या भानगडीत पडू नका, जुना टाईप मशीनला नीट वाचताच येत नाही.

शब्द अडला तर शिकागो युनिव्हर्सिटीच्या साईटवर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश अन दाते-कर्वेंचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दोन्ही फुकट शोधता येतात (हे दाते यशवंत रामकृष्ण, सूचीवाले वेगळे, माझा बरेच दिवस घोळ होता). पण आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी) असले आपले अहिराणी शब्द आले तर ग्रिअर्सन साहेबाने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग काढा, १९०७ चा. त्यात खान्देशीचं (म्हणजे आपल्या अहिराणीचं) व्याकरण अन नमुने आहेत, अन नमुन्याला प्रत्येक बोलीत घेतलेली तीच बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट. मी एकदा रात्री वाचत बसलो ते बारा वाजले.

सापडलेली माहिती पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनेच लिहा, अन फाटक्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका.