एक्सेल शीटपासून जिल्हावार नकाशापर्यंत: माहितीचित्रणाच्या स्टुडिओतील कामाची रीत

एखादी संस्था आपल्याकडील आकड्यांची एक्सेल शीट पाठवते आणि सोबत लिहिते, "याचा एक छानसा नकाशा परवापर्यंत करून द्या." स्टुडिओत नव्याने आलेला डिझायनर अशा वेळी इलस्ट्रेटर हे चित्र काढण्याचे सॉफ्टवेअर उघडून रंग निवडायला बसतो. माझ्या अनुभवात अशा कामाचा निम्म्याहून अधिक वेळ रेघ मारण्याआधीच खर्च होतो आणि तो तसाच व्हायला हवा. हे काम कोणत्या क्रमाने करावे, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून सांगतो: २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येची घनता दाखवणारा महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा.

सुरुवात क्लायंटशी बोलण्यापासून करावी. हा नकाशा कोण पाहणार, तो पाहून त्या व्यक्तीने काय ठरवावे अशी अपेक्षा आहे आणि तो कुठे छापला जाणार, हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. तिसरा प्रश्न फुटकळ वाटतो, पण कामाचे स्वरूप बहुतेकदा तोच ठरवतो. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत रंगीत अहवालाच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स फिरतात. तिथे लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग सारखेच करडे दिसतात आणि दोन आठवड्यांची मेहनत त्या यंत्रात विरून जाते. नकाशा प्रामुख्याने फोनवर पाहिला जाणार असेल, तर ३६ जिल्ह्यांची नावे त्यावर मावणार नाहीत, हेही क्लायंटला पहिल्याच बैठकीत सांगून टाकावे.

तक्ता तपासताना

तक्ता हाती आल्यावर सर्वप्रथम ओळी मोजाव्यात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ३५ ओळी आहेत आणि आजच्या नकाशात ३६ आकृत्या आहेत, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. हे लक्षात न घेता तक्ता आणि नकाशा जोडला, तर पालघर कोरा राहतो आणि १,१०,६०,१४८ ही जुन्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या आजच्या आक्रसलेल्या ठाण्याच्या माथी बसते. यातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ठाणे आणि पालघर या आकृत्या एकत्र करून नकाशाखाली "२०११ च्या हद्दींनुसार" असे स्पष्ट लिहिणे हा सोपा मार्ग. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांचे आकडे वेगळे काढून दोन्ही जिल्ह्यांच्या नव्या बेरजा करणे हा दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण वाचकाला आजचा नकाशा हवा असेल तर तोच पत्करावा.

नावांचा प्रश्न याहून त्रासदायक असतो. जुन्या तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर असते, तर नव्या तक्त्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात बीडचे स्पेलिंग एका 'आय'ने केलेले आहे, इतरत्र ते दोन 'ई'ने आढळते, आणि रायगडच्या शेवटी 'आर' व 'एच' लागलेले असतात. त्यामुळे दोन तक्ते नावांवरून कधीही जोडू नयेत. जनगणनेने प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक दिलेला आहे, उदाहरणार्थ नंदुरबार ४९७ आणि पुणे ५२१. प्रत्येक तक्त्यात हा क्रमांकाचा स्तंभ पहिल्याच दिवशी घालून घ्यावा आणि पुढची सगळी जोडणी त्यावरूनच करावी. नावे केवळ वाचकाला दाखवण्यासाठी ठेवावीत.

मराठीतून आलेल्या फाइलमध्ये आणखी एक अडचण असते. श्री-लिपी किंवा डीव्हीबी-टीटी अशा जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखाच वाचला जाणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये. त्याच वेळी रिकामी चौकट म्हणजे शून्य की माहिती नसणे, हेही क्लायंटला विचारून घ्यावे. ते गृहीत धरण्याचा अधिकार डिझायनरला नाही.

रंगांच्या पायऱ्या

आता नकाशाच हवा का, हा प्रश्न विचारण्याची वेळ येते, आणि क्लायंटला तो फारसा आवडत नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, एका समान अक्षावरील स्थानांची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो. लांबी, कोन आणि क्षेत्रफळ यांची तुलना करताना त्याची चूक वाढत जाते आणि रंगाच्या छटेला त्यांनी या क्रमवारीत अगदी शेवटी ठेवले आहे. कोणत्या जिल्ह्याची घनता किती, एवढेच सांगायचे असेल तर ३५ पट्ट्यांचा उतरत्या क्रमाचा स्तंभालेख नकाशापेक्षा सरस ठरतो. शेजारशेजारच्या जिल्ह्यांतील साम्य दाखवायचे असेल, तेव्हाच नकाशाला अर्थ आहे.

नकाशा ठरला, तर त्यात संख्येऐवजी प्रमाण रंगवावे. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १०,७२,९४२. मुंबई उपनगराचे क्षेत्रफळ अवघे ४४६ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ९३,५६,९६२. कागदावर गडचिरोली डोळ्यांत भरते आणि मुंबई उपनगर शोधावे लागते. रंग घनतेचा असला, तरी हा दोष पूर्णपणे जात नाही. म्हणून मुंबईचे दोन्ही जिल्हे कोपऱ्यात मोठे करून वेगळ्या चौकटीत दाखवावेत.

यानंतर रंगांच्या पायऱ्या ठरवायच्या असतात. सगळ्यांत जास्त चुका मी इथेच पाहिल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गडचिरोलीची घनता दर चौरस किलोमीटरला ७४ आणि मुंबई उपनगराची २०,९८० आहे. सॉफ्टवेअरला समान अंतराच्या पाच पायऱ्या करायला सांगितले, तर प्रत्येक पायरी सुमारे ४,१८१ ची होते. मुंबईचे दोन जिल्हे वगळता सर्वाधिक घनता ठाण्याची, तीही १,१५७. म्हणजे उरलेले ३३ जिल्हे एकाच फिकट रंगात रंगतात आणि मुंबईत गर्दी असते, हे सर्वांना ठाऊक असलेले सत्य सांगण्यासाठी नकाशा खर्ची पडतो. प्रत्येक पायरीत सात-सात जिल्हे येतील अशी विभागणी केली, तर नकाशा रंगीबेरंगी दिसतो खरा, पण ३९३ घनतेचा नाशिक आणि २०,९८० घनतेचे मुंबई उपनगर एकाच गडद रंगात येऊन बसतात. माझ्या मते अशा वेळी सॉफ्टवेअरवर विसंबू नये. ३६५ ही राज्याची सरासरी एक सीमा धरावी, तिच्या खाली दोन-तीन पायऱ्या कराव्यात, ठाण्यापर्यंत एक पायरी न्यावी आणि मुंबईच्या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र पायरी राखून रंगसूचीत तसे सांगावे.

काही विषयांत पायऱ्या आधीच ठरलेल्या असतात. भारतीय हवामान विभाग पावसाची तूट किंवा आधिक्य सांगताना सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के अधिक एवढा पाऊस सर्वसाधारण मानतो, २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तुटीचा आणि ६० ते ९९ टक्के कमी म्हणजे मोठ्या तुटीचा. अशा ठिकाणी आपली वेगळी विभागणी करणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. इथे मध्यभागी उदासीन रंग आणि दोन्ही बाजूंना गडद होत जाणारे दोन भिन्न रंग घ्यावेत. घनतेसाठी मात्र एकच रंग फिकटाकडून गडदाकडे न्यावा. सिंथिया ब्रूअर यांनी नकाशांसाठी तयार केलेल्या 'कलरब्रूअर' या संकेतस्थळावर दोन्ही प्रकारच्या रंगमाला मिळतात आणि त्यांतील कोणत्या रंगांधळ्या वाचकांना व झेरॉक्सवर चालतात, तेही तिथे कळते. आपल्याकडे भगवा, हिरवा आणि निळा या रंगांना वेगळे अर्थ चिकटलेले आहेत. निवडणुकांच्या दिवसांत पावसाचा नकाशाही भलत्याच अर्थाने वाचला जातो, याची जाण ठेवलेली बरी.

मराठी अक्षरे आणि अंक

लेबलांसाठी 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांसारखा युनिकोड फॉन्ट घ्यावा. वेबवरील कामात भाषेची खूण मराठी अशीच द्यावी. ती दिली आणि फॉन्टात सोय असली, तर ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे उमटतात, एरवी हिंदी वळणाची दिसतात. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. इलस्ट्रेटरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडलेला नसेल, तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी-लहान अक्षरे नसल्याने शीर्षक आणि लेबल यांतील फरक जाडी आणि आकारानेच दाखवावा लागतो. डीथ्री या वेबवर आलेख काढण्याच्या साधनात अंकांची विभागणी आपोआप हजारांच्या पटीत होते. तिथे गटांची मांडणी ३, २, २ अशी दिली, की लाख आणि कोटी योग्य जागी येतात. कोकणातील जिल्ह्यांची नावे अरबी समुद्रात लिहून त्यांना बारीक रेघेने जोडावे, कारण त्या चिंचोळ्या पट्टीत ती मावत नाहीत. 'छत्रपती संभाजीनगर' हे दोन ओळींतच लिहावे.

तपासणी आणि सुपूर्दगी

तयार नकाशा ज्याने काढला त्यानेच तपासू नये. एकाने नकाशावरून जिल्ह्याचे नाव आणि आकडा मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने मूळ तक्त्यात बोट ठेवून दुजोरा द्यावा. जुन्या छापखान्यांत मुद्रिते अशीच वाचली जात. त्यानंतर एक प्रत काळ्या-पांढऱ्या छपाईत काढून पाहावी आणि आकड्यांचा स्रोत, त्याचे वर्ष व हद्दींची टीप ही एक ओळ नकाशाच्या आतच बसवावी. ती बाहेर ठेवली, तर पहिल्याच व्हॉट्सॲप गटात कापली जाते.

सुपूर्द करताना क्लायंटला चित्रासोबत दुरुस्त केलेला तक्ताही द्यावा आणि कोणत्या ओळीत काय बदलले, याची साध्या मराठीतील एक पानी नोंद जोडावी. फाइलच्या नावात 'अंतिम' हा शब्द टाळून तारीख लिहावी. ठाणे आणि पालघर एकत्र का केले, हे त्या नोंदीत नसेल, तर नव्या जनगणनेचे आकडे आल्यावर फाइल उघडणारा माणूस पालघर राहून गेले असे समजून ते परत जोडेल आणि ठाण्याचा आकडा तसाच राहील.